खुर्चीवर जुळलेला रंग दुसऱ्या दिवशी वेगळा का दिसतो?

प्रश्न : माझे वय ३१ आहे. तीन आठवड्यांपूर्वी पडल्यामुळे माझ्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटला. दंतवैद्यांनी त्याच दिवशी दाताच्या रंगाचे फिलिंग करून तो कोपरा बांधून दिला. खुर्चीवर आरसा हातात घेतला तेव्हा दात कुठून तुटला होता हे मलाही ओळखता आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र फिलिंगचा भाग खडूसारखा पांढरट दिसू लागला आणि फोटोंमध्ये तुटीच्या जागी एक तिरपी करडी रेघही दिसते. ए२ ही शेड बरोबरच होती, असे दंतवैद्यांचे म्हणणे आहे. साहित्य हलक्या प्रतीचे असेल का? रंग आपोआप जुळेल का? सगळे काढून नव्याने करून घ्यावे, की कॅप बसवावी? मला दात उजळ करून घेण्याचीही इच्छा आहे. त्यात फिलिंग उजळेल का? — एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे खुर्चीवर रंग जुळला होता आणि दुसऱ्या सकाळी तो वेगळा दिसला, ही. दात प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, हे खरे. तरीही एवढ्या माहितीवरून मला असे वाटते की साहित्याला दोष देण्याचे कारण नाही. एका रात्रीत रंग बदलला असेल तर तो फिलिंगचा नव्हे, तुमच्या दाताचा बदलला असावा. उपचार चालू असताना दात कोरडा पडून नेहमीपेक्षा पांढरा झाला होता, फिलिंगचा रंग त्या पांढऱ्या दाताशी जुळवला गेला, आणि रात्रीतून दात पुन्हा ओला होऊन आपल्या मूळ रंगावर आला. फिलिंग मात्र होते तिथेच राहिले.

हे नेमके कसे घडते ते थोडे सविस्तर सांगते, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावरच उभा आहे. दाताचे बाहेरचे आवरण, म्हणजे एनॅमल, काचेसारखे अखंड नसते. ते अतिशय बारीक स्फटिकांच्या दांड्यांचे बनलेले असते आणि त्या दांड्यांच्या मधल्या सूक्ष्म जागांत पाणी असते. एनॅमलचा अपवर्तनांक, म्हणजे ते प्रकाशाला किती वळवते याचा आकडा, सुमारे १.६२ आहे, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकातला फरक जितका जास्त, तितका त्यांच्या सीमेवर प्रकाश अधिक विखुरतो. दात ओला असतो तेव्हा प्रकाश बऱ्यापैकी आत शिरतो, आतल्या पिवळसर थराला, म्हणजे डेंटिनला, भिडून परत येतो आणि दाताला त्याचा उबदार रंग मिळतो. दात कोरडा पडला की पाण्याची जागा हवा घेते, प्रकाश वरच्या वर विखुरतो, डेंटिन झाकले जाते आणि दात पांढरा व अपारदर्शक दिसू लागतो. ओली वाळू वाळली की फिकट दिसते, तसाच हा प्रकार आहे. तोंड उघडे ठेवून कापसाच्या गुंडाळ्या लावल्या, हवेचा फवारा मारला किंवा रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा, चढवला की काही मिनिटांतच हा बदल सुरू होतो. उलट दिशेचा प्रवास मात्र संथ असतो. अर्ध्या तासात दात पूर्ववत होईल अशी अपेक्षा धरता येत नाही. पूर्ण ओलावा परत येण्यास एक दिवस किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागू शकतो.

म्हणून शेड निवडण्याचे काम सर्वांत आधी करायचे असते. बधिर करण्याचे इंजेक्शन देण्याआधी, कापूस लावण्याआधी, दात स्वच्छ केलेला पण लाळेने ओला असताना रंग ठरवून तो लिहून ठेवावा लागतो. तुटलेला दात घेऊन घाबरलेली व्यक्ती समोर आली की पहिले लक्ष रक्त, वेदना आणि दाताची नस उघडी पडली आहे का याकडे जाते, आणि ते तसेच जायला हवे. त्या गडबडीत रंगाचा विचार मागे पडतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडूनही हे झाले आहे, आणि दुसऱ्या दिवशी परत आलेल्या रुग्णाच्या चेहऱ्यावरची निराशा मी विसरलेले नाही. तुमच्या दंतवैद्यांनी त्या दिवशी दात वाचवला आणि आकार इतका नीट दिला की तुम्हालाही तूट सापडली नाही; रंगाचा प्रश्न त्यानंतरचा आहे आणि तो सोडवता येण्यासारखा आहे. रंग ओल्या दातावर नीट निवडला असेल तर काम संपताना फिलिंग दातापेक्षा गडद दिसते आणि दुसऱ्या दिवशी जुळते. ज्या दंतवैद्याने हे आधी सांगून ठेवले नसेल, त्याचा रुग्ण बरोबर काम होऊनही नाराज होऊन घरी जातो.

तुमच्या बाबतीत आता तीन आठवडे उलटले आहेत, म्हणजे दात आपल्या मूळ रंगावर केव्हाच स्थिरावला आहे. त्यामुळे रंग आपोआप जुळेल, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगचे साहित्य, थोडे पाणी शोषते आणि वर्षानुवर्षे गडद पेये व तंबाखू यांमुळे पिवळसरही होते, पण ते डाग असतात. ते तुमच्या दाताच्या छटेला धरून पडत नाहीत.

आता ‘ए२’विषयी. बहुतेक दवाखान्यांत दिसणारी शेड गाइड, म्हणजे दातांच्या रंगाच्या नमुन्यांची पट्टी, ही १९५६ साली बाजारात आलेल्या व्हिटा क्लासिकल या मांडणीवर आधारलेली असते. तिच्यात १६ नमुने असतात. ए म्हणजे लालसर तपकिरी छटा, बी म्हणजे लालसर पिवळी, सी म्हणजे करडी आणि डी म्हणजे लालसर करडी. अक्षरापुढचा आकडा वाढत जाईल तसा रंग गडद होत जातो. रंगाची तीन अंगे असतात : छटा कोणती, ती किती गडद, आणि एकंदर उजळपणा किती. डोळ्याला सर्वांत आधी खटकतो तो उजळपणातला फरक. छटा थोडी चुकली आणि उजळपणा बरोबर असला तर समोरच्याच्या ते लक्षातही येत नाही, पण छटा अचूक असून उजळपणा चुकला तर फिलिंग दुरूनही दिसते. आता याच १६ नमुन्यांना उजळपणाच्या क्रमाने लावले तर बी१ पहिला आणि सी४ शेवटचा येतो. ए२ पाचवा येतो आणि ए३ थेट नववा. म्हणजे नावावरून लागून वाटणाऱ्या या दोन शेडमध्ये उजळपणाच्या चार पायऱ्यांचे अंतर आहे. कोरड्या दातावर ए२ दिसला आणि ओला दात प्रत्यक्षात ए३च्या जवळचा असला, तर तुम्ही वर्णन करता तसाच खडूसारखा भाग दिसेल.

शिवाय गाइडमधला नमुना हा बहुधा पोर्सेलिनचा किंवा ॲक्रिलिकचा, बराच जाड आणि मागे अपारदर्शक थर असलेला असतो. तुमच्या दातावर बसलेले कॉम्पोझिट वेगळ्या पदार्थाचे, वेगळ्या जाडीचे आणि वेगळ्या पार्श्वभूमीवरचे आहे. एका कंपनीचा ए२ दुसऱ्या कंपनीच्या ए२शी जुळेलच असेही नसते. त्यामुळे ‘शेड बरोबर होती’ हे तुमच्या दंतवैद्यांचे म्हणणे आणि ‘रंग जुळत नाही’ हे तुमचे म्हणणे, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

करड्या रेघेचे कारण मात्र निराळे आहे. तोंड आतून काळोखे असते. दाढेतल्या खड्ड्यात भरलेल्या फिलिंगच्या मागे आणि भोवती दाताच्याच भिंती असतात, त्या आपला रंग फिलिंगला उसना देतात आणि काम सोपे होते. अलीकडे अनेक छटांच्या दातांत एकाच नळीतून भरता येणारी कॉम्पोझिट मिळतात, ती याच उसन्या रंगावर चालतात आणि तशा खड्ड्यात चांगली दिसतात. पुढच्या दाताचा कोपरा आरपार गेलेला असतो तेव्हा मागे भिंत नसते. प्रकाश फिलिंगमधून आत जातो, तोंडाच्या अंधारात हरवतो आणि परतच येत नाही. न परतलेला प्रकाश आपल्याला करडा दिसतो. खऱ्या दातात हे घडत नाही, कारण एनॅमलच्या आत डेंटिनचा दाट गाभा असतो आणि तो प्रकाश अडवून परत पाठवतो. म्हणूनच अशा कामात कॉम्पोझिटचे किमान दोन प्रकार थरांनी लावावे लागतात : आत डेंटिनसारखे दाट, बाहेर एनॅमलसारखे अर्धपारदर्शक. दाट थर तुटीच्या रेघेवरून थोडा पुढे सरकवून मगच त्यावर पारदर्शक थर चढवला, तर रेघ झाकली जाते. तुटीची कडा तिरपी घासून घेतलेली असली, म्हणजे ज्याला बेव्हल म्हणतात तो दिलेला असला, तर दात कुठे संपतो आणि फिलिंग कुठे सुरू होते हे डोळ्याला एकाच ठिकाणी सापडत नाही. दाट थर रेघेच्या अलीकडेच थांबला किंवा बाहेरचा पारदर्शक थर फार जाड झाला, की फोटोत दिसते तशी करडी पट्टी उमटते. एनॅमलच्या कॉम्पोझिटच्या बाबतीत अर्ध्या मिलिमीटरचा फरकही डोळ्यांना जाणवतो.

दंतवैद्यांकडे परत जाण्याआधी घरी एक तपासणी करा. दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या उजेडात, फ्लॅश न वापरता पुढच्या दोन्ही दातांचा जवळून फोटो काढा. दात जिभेने ओले करून घ्या आणि लिपस्टिक लावू नका, कारण लाल रंगाशेजारी दात वेगळा भासतो. मग तो फोटो फोनमध्येच कृष्णधवल करून पाहा. फिलिंगचा भाग त्यातही उठून दिसत असेल तर फरक उजळपणाचा आहे. कृष्णधवल फोटोत तो विरून जात असेल तर फरक छटेचा आहे. तोच दात संध्याकाळी घरातल्या दिव्याखालीही पाहा, कारण काही पदार्थ एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात जुळत नाहीत. फिलिंग फक्त एखाद्याच दिव्याखाली वेगळे दिसत असेल आणि दिवसाच्या उजेडात जुळत असेल, तर मी तुम्हाला त्याला हात न लावण्याचाच सल्ला देईन.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो खरे तर पहिला असायला हवा होता. दात उजळ करण्यासाठी वापरली जाणारी पेरॉक्साइडची द्रव्ये नैसर्गिक दाताचा रंग उजळतात. कॉम्पोझिटच्या मूळ रंगावर त्यांचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. म्हणजे तुम्ही आज फिलिंग दुरुस्त करून घेतले आणि दोन महिन्यांनी दात उजळ करून घेतले, तर आज जुळलेले फिलिंग त्या वेळी पिवळे दिसेल आणि तिसऱ्यांदा काम करावे लागेल. याउलट, तुमचे सध्याचे फिलिंग दातापेक्षा उजळ आहे. दात उजळल्यावर ते बरेच जवळ येण्याची किंवा अगदी जुळण्याचीही शक्यता आहे. तेव्हा दात उजळ करण्याचा विचार पक्का असेल तर फिलिंगला तूर्त हात लावू नका. आधी दात उजळ करून घ्या. मार लागलेल्या दाताची नस जिवंत आहे ना, फिलिंगच्या कडेला फट नाही ना, हे दंतवैद्यांनी त्याआधी तपासायला हवे, कारण मार लागलेला दात काही महिन्यांनी आतून काळवंडू शकतो आणि तसे झाले तर उपायच वेगळा करावा लागतो. उजळणे पूर्ण झाल्यावर किमान दोन आठवडे थांबा. एक तर दाताचा नवा रंग स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि दुसरे म्हणजे दातात उरलेला ऑक्सिजन कॉम्पोझिटला नीट घट्ट होऊ देत नाही, त्यामुळे लगेच केलेले फिलिंग दाताला कमी पकडते. मात्र केवळ फिलिंगशी जुळावेत म्हणून दात उजळण्याच्या फंदात पडू नका. दात किती उजळेल हे आधी नेमके ठरवता येत नाही, आणि एका फिलिंगसाठी सगळ्या दातांचा रंग बदलण्याचा हिशेब मला पटत नाही.

दुरुस्तीची वेळ आलीच, तर सगळे काढून टाका असे म्हणू नका. दाताच्या रंगाचे फिलिंग काढणे दिसते त्यापेक्षा अवघड असते, कारण त्याचा रंग दातासारखाच असल्याने फिलिंग कुठे संपले हे कळत नाही आणि दर वेळी निरोगी दाताचा थोडा भाग घासला जातो. जांभळ्या प्रकाशाच्या टॉर्चखाली अनेक कॉम्पोझिट दातापेक्षा वेगळी चमकतात आणि त्याची मदत होते. तरीही दात वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याला कमीत कमी हात लावणे. तुमच्यासारख्या कामात फिलिंगच्या समोरच्या पृष्ठभागावरचा अर्धा ते एक मिलिमीटर थर घासून, तो पृष्ठभाग खडबडीत करून, बॉण्डिंगचे, म्हणजे चिकटवणारे, द्रव लावून नवा थर चढवता येतो. या जागेतून आधी रेघ झाकणारा पातळ दाट थर आणि त्यावर योग्य उजळपणाचा एनॅमलचा थर दिला की तुमच्या दोन्ही तक्रारींचे उत्तर मिळू शकते. मागचा भाग आणि आकार, जो तुमच्या दंतवैद्यांनी उत्तम साधला आहे, तो तसाच राहतो. कॅपचा विचार मात्र मनातून काढून टाका. रंग जुळत नाही एवढ्या कारणासाठी ३१व्या वर्षी पुढचा दात चहूबाजूंनी घासणे हे मला अजिबात मान्य नाही. घासलेले एनॅमल परत येत नाही, आणि कॅपचा रंग जुळवणे हे एका कोपऱ्याचा रंग जुळवण्यापेक्षा सोपे नसते.

दंतवैद्यांकडे जाताना ‘रंग चुकला’ असे न म्हणता तुम्हाला काय दिसते ते सांगा : फिलिंग दातापेक्षा उजळ आहे आणि तुटीची रेघ करडी दिसते. काढलेले फोटो दाखवा. या दोन वाक्यांवरून कोणत्याही अनुभवी दंतवैद्याला पुढे काय करायचे हे कळेल, आणि तुमचे दंतवैद्य ऐकून घेणारे असतील तर दुसरीकडे जाण्याचे काही कारण मला दिसत नाही. वेळ शक्यतो दिवसाची घ्या, फिकट रंगाचे कपडे घाला आणि बसल्या बसल्या, काहीही सुरू होण्याआधी शेड ठरवण्याची विनंती करा. शेड पाहताना नमुन्याकडे काही सेकंदांहून अधिक वेळ टक लावून पाहिले की डोळे थकतात आणि फरक ओळखेनासे होतात. मधूनमधून करड्या कार्डाकडे पाहून पुन्हा पाहावे लागते. डोळे किंचित मिटून पाहिल्यास उजळपणातला फरक अधिक लवकर कळतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नेहमीच्या नमुन्यांवर न थांबता जे कॉम्पोझिट वापरायचे आहे त्याचाच छोटा गोळा दातावर, बॉण्डिंग न लावता, प्रत्यक्ष फिलिंगच्या जाडीचा बसवून पाहण्यास सांगा. तो निळ्या दिव्याने घट्ट करूनच पाहायला हवा. या दिव्याने जागृत होणारे कॅम्फरक्विनोन हे द्रव्य मुळात पिवळे असते आणि सुमारे ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात काम करताना त्याचा पिवळेपणा कमी होतो. त्यामुळे नळीतून काढलेले मऊ कॉम्पोझिट आणि घट्ट झालेले कॉम्पोझिट यांचा रंग एकच नसतो. बॉण्डिंग न लावल्यामुळे तो गोळा नंतर अलगद निघतो. दोन-तीन शेडचे गोळे शेजारी शेजारी लावून, दात लाळेने ओला करून, त्याचा फोटो काढून कृष्णधवल करून पाहिला, की उरलेली शंकाही मिटते. यात दहा-पंधरा मिनिटे जातात. तेवढा वेळ द्यायला दंतवैद्य तयार असतील, तर रंग मोजणारे वेगळे यंत्र नसले तरी चालेल. यंत्र असेल तर त्याचा आकडा जरूर घ्या, पण शेवटचा शब्द या गोळ्याला द्या.

काम संपल्यावर खुर्चीवरच आरसा मागू नका, आणि दिला तर त्यातल्या रंगावर मत बनवू नका. त्या वेळी दात पुन्हा कोरडा आणि पांढरा असेल, आणि नीट निवडलेले फिलिंग तुम्हाला गडदच दिसेल. शेवटचे पॉलिश आणि पृष्ठभागावरच्या बारीक रेषा यांसाठी काही दिवसांनंतरची दुसरी भेट आधीच ठरवून घ्या, आणि रंगाबद्दल जे सांगायचे ते त्या भेटीत सांगा.